उसनं नाक

दोन हिवाळ्यांपूर्वी तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा टेकायला.
तरी हे काम घेतलं. थंडीत तिबिलिसीत
कामं दारात येऊन पडत नाहीत.

ओतियाची खोली. पाचवा मजला,
नाणं टाकल्याशिवाय न हलणारी लिफ्ट.
चाळीस वर्षं तो इथे रेडिओ दुरुस्त करायचा
आणि एका सिगारेटवर दुसरी पेटवायचा.
आता भाचीला खोली भाड्यानं द्यायची आहे.
"वास गेला, की पैसे," ती म्हणाली
आणि दारातूनच परतली, रुमाल तोंडाला.

समोरच्या घरात तोर्निके, वय सात.
त्याचं नाक मी उसनं घेतलं,
हुंगण्यामागे चुर्चखेलाचा एक तुकडा,
अक्रोड दोन तरी हवेतच, ही त्याची अट.

पडदे बुडवले, बादलीत काळा चहा झाला.
"आहे?"
"आहे."
मग सोड्याचं कढत पाणी. भिंत खालून वर पुसायची,
वरून सुरुवात केली तर ओघळ वाळतात
आणि जन्मभर तिथेच राहतात.
कॅलेंडर उतरवलं, मागे पांढरा चौकोन.
ही खोली पांढरी होती तर!
"आहे?"
त्यानं डोळे मिटले. "व्हिनेगर. त्याच्या खाली, आहे."

बल्ब पुसला. स्विचांच्या चकत्या.
दाराची वरची कड, जिथे कुणाचाच हात जात नाही.
रेडिएटरच्या फटींत बाटल्या घासायचा ब्रश.
"आहे."
सहाव्या दिवशी तो कपाटाखाली सरपटला,
एक रेडिओ ओढून काढला.
जाळीचं कापड बोटांना चिकटत होतं.
मी तो गॅलरीत ठेवला, बर्फाच्या भुरभुरीत.
"आता?"
कुत्र्याच्या पिलासारखा कोपरे फिरून आला.
"अजून आहे. उद्या येतो."

उद्या भाची आली, भाडेकरू घेऊन.
दोघांनी छाती भरून श्वास घेतला.
"काहीच नाही," दोघंही म्हणाले. पैसे मिळाले.

"लबाडा," मी म्हटलं, "सहा तुकडे खाल्लेस!"
"तुला काय कळतं," तोर्निके म्हणाला,
"तुला तर नाकच नाही."
सातवा तुकडा त्यानं घेतला नाही.

रेडिओ कचऱ्यात टाकायला निघाले,
तोही लिफ्टमध्ये शिरला,
जाळीला नाक लावून उभा राहिला,
पाच, चार, तीन, डोळे गच्च मिटून.

खाली दार उघडलं.
मी खिशात आणखी एक नाणं शोधलं.