तीस ओळी

संगम करंडकाच्या सागवानी बोर्डावर
तीस ओळी आखल्या होत्या मी, सत्त्याऐंशी साली.
सेक्रेटरी म्हणाले, पुरतील ना हो, दिवाणे पेंटर?

भरल्या अकरा.
दर जानेवारीत नाना पेठेतून सायकलवर येरवड्याला,
खिशात ब्रश, डबीत सोनेरी पूड.
जिंकणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर मिळायचं.
खेळ मात्र मल्हारी चांदणे सांगायचा,
बॅग वाहून काळानिळा पडलेला खांदा चोळत:
"चौदाव्याला जमीन नदीकडं वढती. सायबाला दिसंना.
म्हटलं, दोन बोटं डावीकडं मारा."
दोन बोटं. ती कुठल्या ओळीत लिहू?

बाराव्या वर्षी गेलो, तर मांडवच नाही.
पंपवाल्या कंपनीने हात आखडला म्हणे,
मला कळवायचं राहून गेलं.
वॉचमनने चहा पाजला.
मल्हारी गुडघाभर तळ्यात,
हरवलेले चेंडू काढत होता, डझनावर विकायला.

एकोणीस ओळी कोऱ्या.
पेन्सिलीच्या रेघा तिरक्या उन्हात अजून दिसतात.
आणि सहाव्या नावात माझं एक अक्षर चुकलंय.
तो खेळाडू स्वतः उभा राहिला होता बोर्डापुढे,
काचेत भांग नीट केला, गेला.
डबीत पूड आहे थोडी.
बोलावणं तेवढं नाही.