पातळी

केमी गावात, जुन्या कागद गिरणीच्या तिसऱ्या हॉलमध्ये
आता सर्व्हर घोंघावतात.
बाहेर उणे अठ्ठावीस. आत मी बाह्या दुमडून,
रात्रपाळीला, थर्मासमधली कॉफी कडवट होईपर्यंत.

पडद्यावर ओळी येत राहतात
जसे या नदीवरून एके काळी ओंडके यायचे,
हजारोंनी, एकमेकांना ढुसण्या देत.
बाबा तरंगत्या फळीवर उभे, हातात लांब आकडी.
टोकावरची खूण बघायची, ओंडका ज्याच्या त्याच्या वाटेला लावायचा.
एक ओंडका, एक नजर.
दुसऱ्यांदा बघायला नदी थांबत नाही.

मीही तेच करते. फक्त माझे हात कोरडे राहतात.

कुणी पान मागितलं, दिलं : इन्फो.
किल्लीची मुदत महिन्यात संपते आहे : वॉर्निंग.
फाइल जागेवर नाही : एरर,
पण तो रोजचाच, त्याच्यासाठी कुणी खुर्चीतून उठत नाही.
इमर्जन्सी मी अकरा वर्षांत दोनदा पाहिली.
दोन्ही वेळा पाय आधी पळाले, डोकं मागून आलं.
आणि सगळ्यांत खाली डीबग, बडबडं पोर :
आता दार उघडलं, आता लावलं, आता पुन्हा उघडलं.
त्याला आम्ही बोलूच देत नाही. डिस्क भरते.

उंबरठा एका ओळीत ठरतो.
याच्या खालचं लिहू नका, एवढंच सांगायचं असतं.
नोव्हेंबरात ओस्मोनं तो एररवर नेऊन ठेवला.
म्हणाला, साइमी, आता माणसासारखी जेवशील तरी.
खरंच शांत झालं. पडदा इतका रिकामा
की त्यात माझा चेहरा दिसायचा.

रविवारी मी फोन करायची.
बाबा म्हणायचे, विशेष काही नाही.
लाकडं फोडली.
डाव्या हाताला जरा मुंग्या येतात.
मांजर दोन दिवसांनी परत आलं.
सगळं एका आवाजात, एका पातळीवर,
ओंडके मोजल्यासारखं.

मी मांजराबद्दल विचारलं.

परवा पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी
सात नंबरचा सर्व्हर गेला.
ना लाल दिवा, ना भोंगा.
फाइल उघडली तर शेवटची ओळ :
थांबण्याचा निरोप मिळाला, थांबतो आहे.
पातळी? नोटीस.
इमर्जन्सी नाही, एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही.
जाणारा जाताना एवढंच लिहून गेला,
दुकानदार दारावर कागद चिकटवून जातो तसं.

पण उंबरठा तर एररवर होता, मग ही ओळ आत आलीच कशी?
मॅन्युअलमध्ये शोधलं. तिथे एक वाक्य आहे, कोपऱ्यात :
साध्या फाइलमध्ये लिहीत असाल
तर नोटीस अडवता येत नाही.
उंबरठा कितीही चढवा, ती लिहिली जातेच.

म्हणजे लिहिलेलं होतं.
मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मागे गेले,
आठवड्यांमागून आठवडे, रविवारांपर्यंत.
तिथे फाइल नव्हती.
माझा कान होता, आणि तो मांजराकडे लागलेला.

सात नंबर पुन्हा उभा केला. कारण साधं निघालं,
सांगण्यासारखं नाही.
ओस्मो सकाळी बर्फ झटकत आला. काही विशेष?
मी नाही म्हणणार होते, जीभ तिथपर्यंत गेलीही होती.
मग म्हटलं, बस जरा, कोट राहू दे.

मांजर आता माझ्याकडे असतं.
रात्रभर तेच :
दार उघड, दार लाव, पुन्हा उघड.
मी उठते.