इंजिन गार होईपर्यंत

मी पोचले तेव्हा इंजिन कोमट होतं.
हातमोजा काढून सिलिंडरला हात लावला,
वॉर्डात तापलेल्या पोराच्या पोटाला लावते तसा,
आणि विचारलं, आधीच चालू केली होतीत?

थ्रेलफॉल म्हणाला, थंडीत जरा वेळ घेते.
तुम्ही केंडलहून दोन बस बदलून येणार,
तुमच्यासमोर हिनं आढेवेढे घेतले असते
तर बरं दिसलं नसतं.

माझा आजा हेडी होता. वडगावच्या बाजारात
बैलांचे सौदे करायचा, रुमालाखाली बोटं दाबून.
म्हणायचा, विकणाऱ्यानं जिथं पाणी मारलंय
तिथंच बघावं. दात कुणीही घासून देतं.
जनावर बसलेलं असताना गाठावं
आणि आपणहून उठेस्तोवर उभं राहावं.

म्हणून म्हटलं, गार होऊ दे. थांबते मी.

मोरकॅमला मार्चमधला वारा.
ओहोटीनं समुद्र इतका लांब गेलेला
की तो आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.
त्याचं मीठ मात्र इथं, प्रत्येक नटाच्या कडेला.
गॅरेजच्या दारात दोन खुर्च्या.
दुधाचा वास घेऊन मगच त्यानं ते चहात ओतलं.

कागद माझ्या मांडीवर.
चासीचा नंबर जुळतो.
इंजिनाचा खोडून नवा लिहिलाय,
त्यातला सात हा एकही असू शकतो.
मीटरवर एकसष्ट हजार मैल,
ते चाकांचे, सांगाड्याचे, झिजलेल्या सीटचे.
इंजिन प्रेस्टनच्या भंगारवाल्याकडून आलं,
आपलं वय तिकडंच ठेवून.

एकोणीस हजारच चाललंय, थ्रेलफॉल म्हणतो.
कुणी सांगितलं?
भंगारवाल्यानं.
आणि त्याला?
तो चहात बघतो.

मग म्हणतो, ती गाडी पुढून चेपली होती,
पण चालवणारा आपल्या पायांनी घरी गेला.
मी हे विचारलं नव्हतं.

हिशोब काही बसेना.
एकसष्टाचे पैसे द्यायचे की एकोणिसाचे?
रात्रपाळी संपल्यावर पहिल्या बसपर्यंत
बाकावर काढलेला पाऊण तास
कुठल्या रकान्यात लिहायचा?
सात वर्षांचे पाऊण तास.

पहिलं इंजिन कशानं गेलं?

माझ्यामुळं, तो म्हणाला. तेल बघितलं नाही.
मोरीन तेव्हा हॉस्पिटलात होती,
मी रोज जायचो यायचो, आणि तेल बघितलं नाही.

मोरीन कोण, ते मी विचारलं नाही.
भिंतीवर दोन खुंट्या, दोन हेल्मेटं,
एक लहान मापाचं.
सकाळपासूनच्या बोलण्यातलं
हे पहिलं वाक्य, ज्यावर पाणी मारलेलं नव्हतं.

पुन्हा हात लावला. गार. लोखंडाचं लोखंड.

पहिल्यांदा बटण दाबलं, नुसतीच कुरकुर.
दुसऱ्यांदा खोकली.
थ्रेलफॉल खुर्चीतून अर्धा उठला, तसाच राहिला.
तिसऱ्यांदा लागली,
आणि डाव्या बाजूनं बारीक टकटक,
कुणी नखानं डबा वाजवावा तशी.
मिनिटाभरात ती थांबली,
की माझ्या कानाला सवय झाली,
सांगता येणार नाही.

आठशे, मी मोठ्यानं म्हणाले.
रुमालाखालची बोटं आज्यानं मला शिकवली नाहीत,
पोरीला काय करायचीत म्हणून.

साडेनऊशे, तो म्हणाला,
आणि लहान हेल्मेट खुंटीवरून काढून
त्यावर फुंकर मारली.
बसतंय का बघा. पैसे नकोत याचे.

दुसऱ्याचं हेल्मेट घेऊ नये, एवढं मलाही कळतं.
तरी घालून बघितलं.
बसलं.
आतून टकटक ऐकू येईना, तोही ऐकू येईना,
नुसते त्याचे ओठ हलताना दिसले.
साडेआठशे म्हणाला असेल,
किंवा सावकाश जा.

मी अजून हो म्हटलेलं नाही.
परतीची बस चार दहाला आहे.