समास

मोडी मला येत नाही.
मला चौकटी बांधता येतात.

राजापूरच्या कॉलेजात, जिथे पूर्वी बेडकांच्या बरण्या होत्या
आणि आता सर्व्हर गुरगुरतो,
गवाणकर सरांनी एक कागद पुढे धरला.
जैतापूर बंदराची जकात, वाळवीने चाखलेली.
"तीस पोरं, आठ गावं, आणि हा एवढा एकच कागद.
सगळ्यांना मिळून वाचता येईल असं काही करून दे."

करून दिलं.
मधे कागद, उजवीकडे समास,
ज्याला जे लागेल ते त्याने तिथे लिहावं.
सरांसाठी एक बटण: हिरवी खूण.
खूण झाली की बाकीचं पुसलं जाईल, ओळ मिटेल.
आमच्या धंद्यात याला नीटनेटकं म्हणतात.

देवाचे गोठण्याच्या सुयोगने
सड्यावर रेंज मिळते तिथे मोटारसायकल उभी करून विचारलं,
"हे मीठ आहे की पीठ?"
शंका पोचली दोन दिवसांनी.
तोवर ओळ मिटलेली.
उशिरा आली म्हणून ती चुकीची ठरली,
आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मग एकोणिसावी ओळ.
'पाग', आणि पुढे भोक.
सरांनी लिहिलं: पागा. सरकारी घोड्यांचा खर्च.
हिरवी खूण.

रात्री साडेअकराला, साखरी नाट्याहून, तहसीन.
"सर, एकोणीस बंद आहे म्हणून विसाव्या ओळीत लिहिते.
खाडीत घोडे कशाला येतील?
पाग म्हणजे फेकायचं जाळं. आमच्या दाराआड टांगलेला आहे.
अब्बांना विचारलं, जाळ्यावर पट्टी असायची का?
म्हणाले, कधी नव्हती?"

सकाळी सर आले ते चहा न घेताच.
"ती खूण काढ."
म्हटलं, तिच्या उत्तरावर लावते.
"नको. बटणच काढ.
भोकात काय होतं ते वाळवीला ठाऊक."

बटण काढायला चार मिनिटं लागली.
अवघड होतं ते पुढचं:
दोन वाचनं शेजारी उभी करायची,
एकाने दुसऱ्याला ढकलायचं नाही,
उशिरा पोचलेल्याला आपल्या जागी बसता यावं.
शाळेत घोकलेलं आठवलं, वैकल्पिक द्वंद्व.
विग्रह करताना मधे 'किंवा' येतो.
तो एक 'किंवा' लिहायला मला एकवीस दिवस लागले.

आता एकोणिसाव्या ओळीच्या समासात अकरा जण आहेत.
घोडे अजून आहेत, सर हट्टाने दाणावैरणीचे आकडे जोडतात.
सुयोग विचारतो, पट्टी जाळ्यावर की माशावर?
तहसीनने पागाचा फोटो टाकलाय,
अंगणात पसरलेला, कडेला शिशाच्या गोळ्या,
आणि मापासाठी शेजारी ठेवलेली
कंपासपेटीतली, टोक तुटलेली
पट्टी.