विक्रीसाठी नाही

पाठीवर, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय:
नमुना प्रत. विक्रीसाठी नाही.
काल रात्री कोइम्बतूरचा कुणी माणूस
त्याचे चाळीस हजार देतो म्हणाला,
आणि मी म्हटलं, थांबा, विचार करतो.

चौऱ्याण्णव साल. इतवारीत बाबांकडे
भुंगा छाप च्युइंगमची एजन्सी.
प्रत्येक पेटीत वरून शंभर कार्डं, फुकट,
दुकानदारानं पोट्ट्यांना वाटावी म्हणून.
कार्डावर वीजवाघ: डोळ्यांवर पट्टी, पंजात ठिणगी.
बाबा गम मोजत.
कार्डांची गड्डी टेबलाच्या आखूड पायाखाली जाई.

आम्ही तरी काय केलं त्यांचं?
चिमट्यानं सायकलच्या तारांत अडकवली,
फर्र फर्र, झाली लुना.
भिंतीवर आपटून जिंकली, हरली.
खापेकरांच्या दिगूकडे चारशे होती.
नाग नदीच्या पुलावरून त्यानं एकेक सोडलं,
कोणतं लांब जातं ते बघायला.
उरली ती मे महिन्यानं वाकवली,
मेमधून सुटली ती कुलरच्या ओलीनं फुगवली.

हे एक वाचलं ते भांडणामुळे.
मी बेबीताईची रिबन कापली,
म्हणून तिनं माझं सगळ्यात नवं कार्ड
शिवणयंत्राच्या खणात लपवलं,
ब्लाऊजच्या कागदी कटिंगांच्या मधोमध,
आणि विसरली.
एकतीस वर्षं.
राग वस्तू किती सपाट ठेवतो, किती कोरडी, अंधारात.
प्रेमाला नाही जमत ते.
प्रेमानं कोपरे मऊ होतात.

परदेशातून कार्ड परत आलं ते काचेसारख्या डबीत, सीलबंद,
वर आकडा: साडेनऊ.
अर्धा गुण कुठं गेला?
चित्र केसभर डावीकडे सरकलंय.
छापखान्यात त्या दुपारी
कुणाचा तरी हात चहाच्या कपाकडे गेला असेल.

धरमपेठेतला सौरभ लांजेवार या धंद्यातला जाणता,
वय बावीस.
"काका, फुकट होतं म्हणून महाग आहे.
विकत घेतलेलं लोक जपतात, फुकटचं कोण जपते?
अन् तेव्हाचे पोट्टे आता पगारी झाले,
त्यायले आपलं लहानपण परत पाहिजे, तेही कोऱ्या कोपऱ्याचं.
दहा वर्षांनी पाहा,
कोणी विचारून नाही राह्यलं तुम्हाले."

अशी जगात तीनच होती.
गेल्या महिन्यात कुठंतरी चौथं निघालं
आणि माझे वीस हजार एका रात्रीत
न चोरता गेले.
तेव्हापासून महालातून जाताना
गंजलेलं कुलूप दिसलं की पोटात खड्डा पडतो.
कामठीत कुणी जुनं गोदाम झाडायला काढलं तर?
झोपताना मी चक्क हात जोडतो:
वाळवीनं काम चोख केलेलं असू दे,
दिगूनं चारशेच्या चारशे सोडलेली असू देत.
लोकांनी जे जे हरवलं, फाडलं, भिजवलं
त्याच्या बेरजेला मी माझी पुंजी म्हणतो.

रविवारी भंडाऱ्याहून बेबीताई आली.
चष्मा कपाळावर चढवून तिनं डबी उलटीसुलटी पाहिली,
नखानं टकटक केलं.
"माझ्या खणातून काढलं तू हे."
"माझंच होतं."
"मी लपवलं म्हणून आहे ना रे."
यावर काय बोलणार?
चहा संपवून, पिशवी उचलून, दारात थांबून म्हणाली,
"हिरवी होती. सॅटिनची.
शाळेच्या गॅदरिंगला लावणार होते मी."

फोन पुन्हा वाजतोय. कोइम्बतूर.
शेवटचं बोला, सर.
मी चप्पल घालतो.
बाहेर पंचेचाळीस अंश आहे, सीताबर्डीची दुकानं उघडी असतील.
हिरव्यात किती छटा असतात
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.