वर नाव नाय, गाव नाय

वेंगुर्ल्यात बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली लाद्या फोडतात, वर टेबल हलतं.
आज अकरा ओळी लिहिल्या, तीन खोडल्या.
एवढंच काम.

गेल्या शिमग्यात द्वारका गिरप जिना चढून आली होती,
हातात फोन, पेडव्यांच्या खवल्यांनी चकाकणारा.
"सुंगटांच्या भावाचो व्हिडिओ होतो, रे.
मी बोट लावलंय फकत.
सगळो पडदो तेचोच झालो.
बँकेसारखीच बँक इली,
वर नाव नाय, गाव नाय."
आठ हजार चारशे. नव्या जाळ्याचे.

मी तिला सांगितलं नाही
की त्या दरवाजावर पहारा माझाच असतो.

पानातली एखादी चौकट,
तीही दुसऱ्याच घरची, भाड्याने आणून बसवलेली,
म्हणायची, मला अख्खा पडदा द्या.
आम्ही विचारायचो, कुणाचं बोट लागलंय का?
लागलंय म्हटलं की
पत्ता, घड्याळ, बॅटरी, सगळं बाजूला सारून
तिला जागा.
एका बोटाला आम्ही होकार समजत होतो.
बाहेर कसं पडायचं ही सूचना तीन सेकंद.
तेवढ्यात माणूस शिंकतो.

तिचा दीर सावळाराम, तांडेल,
त्याने एकदा होडीत बसवून दाखवलं होतं:
चहूकडे पाणीच असलं तरी डोळा किनारा सोडत नाही.
डोंगरावरचा एकटा ताड आणि बंदराचा पांढरा दगड
एका रेघेत आले, की डाव्या हाताला खडक.
धुक्यात दोन्ही गेले तर जाळं टाकायचं नाही,
पोरांना गप्प करायचं
आणि लाट कुठे फुटते ते ऐकायचं.

म्हणून पट्टी ठेवली.
अख्ख्या पडद्याच्या माथ्यावर, करंगळीएवढी:
कुणाचं पान, कुठून आलं,
चौकट पाहुणी असेल तर तिचं खरं नाव.
पानाला ती पुसता येत नाही.

दूरच्या एका सहकाऱ्याने लिहिलंय,
सिनेमा बघणारे चिडतील,
काळोखात ती रेघ डोळ्यात खुपेल.
खुपेल. मलाही खुपते.
त्याला उत्तर अजून दिलेलं नाही.

संध्याकाळी लिलाव उठल्यावर द्वारकेला दाखवलं.
तिने फोन हातभर लांब धरला, मग जवळ,
मग पुन्हा लांब.
"बरा केलंस," म्हणाली,
"पण ही अक्षरां माका दिसनत नाय.
वायच जाड कर."

जिना चढून परत वर आलो.
बारावी ओळ.