आभाळातलं नाही

विद्यानगरच्या माझ्या दोन खोल्यांत
आठवड्याला थोडं तरी आभाळ पडतं.
पिशवीतून, फडक्यातून, एकदा तर
जेवणाच्या डब्यातून, चपातीच्या जागी.

"सर, रातच्याला उजेड पडला. सकाळी ह्यो घावला."
मी सर नव्हे. कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या खोलीत
छत्तीस वर्षं दगडांवरची धूळ पुसली,
चिठ्ठ्या डकवल्या.
पण तेवढं सांगत बसत नाही.

आधी हातात तोलतो.
मग फुटक्या लाउडस्पीकरातला लोहचुंबक
दोऱ्याला टांगून हळू जवळ नेतो.
तो कलतो, आणि आणणाऱ्याचा श्वास अडतो.
कलू दे. आपला काळा पाषाणही त्याला जरा ओढतोच.

मग न्हाणीघरातल्या फरशीची पाठ,
जिथं झिलई नसते, तिच्यावर एक रेघ.
तांबडी उमटली तर जमिनीतलं.
काळी उमटली तरी जमिनीतलं.
काहीच उमटलं नाही, की मी खुर्ची पुढं ओढतो.

मग भिंग. आणि भिंगात बहुतेक वेळा
भोकंच भोकं, इडलीसारखी.
साखर कारखान्याच्या बॉयलरची खंगर.
चिपाडाची राख तापून तापून काच होते
हे मला पुस्तकानं नाही, या ढेकळांनी शिकवलं.
मसूरच्या काटकरांना "खंगर" म्हणालो
तर त्यांनी चहा अर्धा ठेवला.
शेणोलीच्या बाईंनी देव्हाऱ्यातून उचलून आणला होता.
म्हणालो, परत तिथंच ठेवा.
"म्हंजे हाय?"
नाही. पण तिथं ठेवायला तो वरूनच यावा असं कुठाय?

इलाही मुजावर आला तो भर उन्हात.
जेसीबी चालवतो. ओगलेवाडीच्या अंगाला
पाइपलाइनचा चर खणताना
बकेटच्या दातात चमकली म्हणाला.
मुठीएवढी, शेवाळी हिरवी,
फुटल्या कडेला शिंपल्यासारख्या लाटा.
उल्का आदळून अशी काच होते,
ग्रॅमला भाव काय, सगळं मोबाइलवर बघून आलेला.
वाण्याच्या काट्यावर वजनही करून आलेला:
चारशे दहा.

लोहचुंबक काढलाच नाही मी.
खिडकीशी धरली.
आत तांदळाच्या दाण्याएवढा लांबट बुडबुडा,
त्याच्या टोकाला भट्टीच्या विटेचा कण.

हा हिरवा मला ठाऊक आहे.
पाळी संपवून वडील घरी येत
तेव्हा त्यांच्या सदऱ्याला बारीक जळकी भोकं असत
आणि पाठीवर वाळल्या मिठाचे नकाशे.
कंदिलाच्या काचा विकल्या जात, गावोगाव.
भट्टी निवली की तळाला उरलेलं
पहारीनं फोडून बाहेर टाकत.
आम्ही पोरं त्यातून सूर्य बघायचो
आणि मार खायचो.

"नाही," म्हणालो.
"मग किती जुनी?"
साठेक वर्षं. सत्तर धर.
"म्हंजे कायच न्हाई." तो हसला, टॉवेलनं मान पुसली.
दारात थांबून म्हणाला,
"पर तुमास्नी येवढ्या झटक्यात कळलं कसं?"
बुडबुड्यावरून, म्हणालो.
"ऱ्हाऊ दे मग तुमच्याकडंच."

रात्री चिठ्ठी लिहिली.
काच. मानवनिर्मित. ओगलेवाडी.
शोधणारा: इलाही मुजावर.
वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात बसेना.

बुडबुड्यात भट्टीचा वायू असतो, फुंकर नसते.
फुंकलेली काच बाजारात गेली, ही तर तळाची.
हे सगळं मी कुणालाही नीट समजावून देईन.
तरी हातोडी असलेला खण
हल्ली मी कुलपात ठेवतो.

फरशीची पाठ रेघांनी भरत आली आहे,
तांबड्या, काळ्या, काही नुसत्या ओरखड्याच्या.
उजव्या कोपऱ्यात
बोटभर जागा अजून कोरी आहे.